हॉलखालची गळती आणि 'नो लीकेज'चा रिपोर्ट

तो रिपोर्ट अजून ड्रॉवरमध्ये आहे. चार रंगीत पानं, लाल-निळे फोटो आणि शेवटी ठळक अक्षरात 'तपासणीत कोणतीही गळती आढळली नाही'. साडेतीन हजार मोजलेत त्याचे, त्यामुळे टाकवत पण नाही.

आमचं रो-हाऊस १९९९ चं. मीटर पुढे गेटजवळ, अंडरग्राउंड टाकी मागच्या अंगणात आणि मधला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप चक्क हॉल आणि किचनच्या फरशीखालून नेलेला, बिल्डरचा तेवढाच चार फूट पाइप वाचला असणार. दिवाळीच्या सुमाराला हॉलच्या भिंतीला स्कर्टिंगच्या वर लोणा धरायला लागला, रंगाचे पापुद्रे निघायला लागले, आम्हाला वाटलं पावसाळ्याची ओल आहे, वाळेल. मग पाण्याचं बिल आलं. तिमाहीला ७५ युनिटच्या आसपास असतं ते एकदम ११२, आणि एक युनिट म्हणजे हजार लिटर. पाणीपट्टीच्या ऑफिसात गेलो तर 'मीटर नीट आहे, मीटरनंतरची लाइन तुमची' एवढं ऐकून परत आलो.

तीन प्लंबर येऊन गेले. एक म्हणाला बाथरूम, एक म्हणाला सगळी फरशी काढा मग कळेल, तिसऱ्याने वॉटरप्रूफिंगचं कोटेशनच काढलं. रात्रीची टेस्ट सगळेच सांगतात ती पण केली, खालच्या आणि गच्चीवरच्या दोन्ही टाक्यांना खडूने खूण करून नळ बंद करून झोपलो, सकाळी पाणी खुणेवरच आणि मीटर पण जागचं हललेलं नाही. म्हणजे पाइप चांगला असं सगळ्यांनी ठरवलं, मी सुद्धा. इथेच फसलो.

मग यंत्राने गळती शोधणाऱ्या मशीनवाल्यांना बोलावलं. आमच्याकडे पाणी येतं पहाटे साडेपाच ते साडेसहा. फोनवर मी हे सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. 'आमचं टायमिंग दहा ते सहा आहे सर.' बरं, या. सव्वाअकराला एक मुलगा आला, कानाला हेडफोन, हातात फरशीवर ठेवायचा माइक, वागायला चांगला होता. फॅन बंद करा, फ्रिज बंद करा, आईचा कुकर लावलेला तो पण उतरवायला लावला, आणि आम्ही सगळे श्वास धरून बसलो की आता काहीतरी ऐकू येणार. तासभर तो फरशी-फरशी पुढे सरकत गेला. मी विचारलं, अहो पण आत्ता पाइपात पाणीच नाहीये, आवाज कशाचा येणार? तर म्हणे मशीनला कळतं सर, इम्पोर्टेड आहे.

आता मला माहितीये की ते यंत्र ऐकतं ते प्रेशरने बाहेर पडणाऱ्या पाण्याची फुसफुस. पाइपात प्रेशर नाही तर आवाज नाही, मग यंत्र जर्मनीचं असो की जपानचं. त्याने आणलेल्या थर्मल कॅमेऱ्याचं पण तसंच, गीझरची नाहीतर सोलरची गरम लाइन गळत असेल तर त्यात झकास दिसतं, थंड पाण्याच्या लाइनीत मुळात तापमानाचा फरकच फारसा नसतो, आणि आमच्यात तर पाणीच नव्हतं. तरी फोटो काढले, रिपोर्ट दिला.

त्यानंतर पाच आठवडे फोन. मी म्हणायचो पहाटे या, जास्तीचे पैसे घ्या. तिकडून 'सर, रिपोर्टमध्ये तर नो लीकेज आहे'. अहो रिपोर्टमध्ये असेल, भिंत बघा ना माझी! व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले तर उत्तर आलं की सेकंड व्हिजिटचा चार्ज वेगळा लागेल, आणि वेळ दहा ते सहाच. एकदा तर मला समजावलं की ओल हवेतली पण असू शकते. हवेतून महिन्याला बारा हजार लिटर पाणी जातं होय? तोंडातून वाईट शब्द जाईल म्हणून फोन ठेवला.

सुटका झाली ती मागच्या गल्लीतल्या रिटायर्ड फिटर काकांमुळे. त्यांनी एकच विचारलं, "पाणी कधी येतं तुमच्याकडे? मग तेव्हाच गळत असेल ना." एवढं साधं! मीटर ते टाकी लाइन फक्त तो एक तास भरलेली असते, बाकीचे तेवीस तास कोरडी, मग रात्रीच्या टेस्टमध्ये सापडणार कशी. टाकीत पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी यायचं त्याचं पण उत्तर मिळालं, पाणी गेलं की त्याच भोकातून माती आत ओढली जायची. आणि ते आम्ही पीत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको टाकीच्या तोंडाशी पालथी पडून झाडूच्या दांड्याने बॉलकॉकचा गोळा वर उचलून धरतेय, म्हणजे टाकीत जाणारं पाणी बंद, आणि मी गेटपाशी मोबाइलच्या टॉर्चमध्ये मीटरमधली ती बारीक लाल चांदणी, थोडं पाणी वाहिलं तरी फिरते ती, बघतोय.

"थांबलं का?"

"नाही, फिरतंय!"

मला इतका आनंद झाला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मग मोजलंच. टाकी ६ बाय ५ फूट, पाणी एक फूट चढलं म्हणजे साधारण ८५० लिटर, आणि मीटर पुढे गेलं १२५०. चारशे लिटर रोज हॉलखाली. वर का दिसत नव्हतं तर प्लिंथमध्ये, म्हणजे जोत्यात, भरलेला मुरूम सगळं पिऊन टाकतो.

काकांनी ओळखीच्या मुलाकडून हाताने मारायचा टेस्टिंग पंप आणला. भर दुपारी तीनला मीटरपासून लाइन सुटी केली, टाकीकडच्या टोकाला प्लग मारला, दुसऱ्या टोकाने प्रेशर भरायला घेतलं, तर काटा टिकेचना, पंप थांबला की लगेच खाली. म्हणजे पहाटेची पण गरज नव्हती! पंप मारत राहिले आणि लोखंडी सळई फरशीला टेकवून दुसरं टोक कानाला. किचनच्या उंबऱ्याशी बारीक 'स्स्स'. मी पण ऐकलं. दोनच फरश्या काढल्या, फूटभर खाली ओला चिखल आणि एल्बोला (पाइप वळवायच्या जोडाला) अख्ख्या मसुराएवढं भोक.

हो, एक राहिलंच, पाइप जीआय होता म्हणून आवाज छान आला, प्लास्टिकच्या पाइपात तो दबतो. आणि गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनीवर शंका असेल तरी प्रेशर भरूनच घ्या, एक मजली घरात उंचीमुळे मिळतं चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोच्या आसपास, तेवढ्यात फारसं ऐकू येत नाही. मशीनवाल्यांना बोलवायच्या आधी फोनवरच विचारा, प्रेशर भरायचा टेस्टिंग पंप आणणार का. नाही म्हणाले तर नका बोलावू.

एल्बो बदलला नाही, बाकीचा पाइप पण तेवढाच जुना. ती लाइनच बंद केली आणि नवीन पाइप कंपाउंडच्या भिंतीने बाहेरून फिरवला. आईला तो बघवत नाही. फरश्यांचा शेड पण मिळाला नाही, उंबऱ्यापाशी दोन पांढऱ्या दिसतात. या तिमाहीचं बिल ७४ युनिट आलंय, आणि मशीनवाल्यांचा मेसेज, आमच्या सेवेला किती स्टार द्याल.