काळ्या गिटारवरची राख

माझी काळी इलेक्ट्रिक गिटार अकरा वर्षे माळ्यावर पडून होती. दिवाळीच्या आवराआवरीत ती पिशवीतून बाहेर काढली, तेव्हा तिच्या अंगावर कुणी राख फासली असावी असे वाटले. पाठीवर पट्ट्याच्या बकलाने ओढलेले चरे होते, तारांच्या खाली पिकने (तारा छेडायच्या चकतीने) उमटवलेली बारीक रेघांची जाळी होती आणि उजवा हात जिथे टेकतो तिथे घामाचा चिकट थर बसला होता. घरच्यांनी ती नव्याने रंगवून घेण्याचा सल्ला दिला. मला मात्र तिचा मूळचा काळा रंगच परत हवा होता, आणि तो खाली शाबूत आहे याची खात्री वाटत होती.

चकाकी पृष्ठभागाच्या सपाटपणावर अवलंबून असते. सपाट फिनिशवरून (लाकडावरच्या रंगाच्या थरावरून) प्रकाश एकाच दिशेने परततो, म्हणून त्यात खिडकीची चौकट दिसते. बारीक चऱ्यांनी तो चहूकडे विखुरतो आणि काळा रंग करडा भासतो. त्यामुळे वरून तेल किंवा फर्निचर पॉलिश चोपडले, तर चरे काही काळ भरल्यासारखे दिसतात आणि आठवड्याभरात पुन्हा वर येतात. शिवाय अशा पॉलिशमध्ये सिलिकॉन असेल, तर पुढे कधी रंग द्यायची वेळ आल्यावर नवा थर तिथे नीट बसत नाही, त्यावर माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. हा मार्ग मी सुरुवातीलाच सोडून दिला.

पहिला प्रश्न होता, हे फिनिश नेमके कशाचे आहे? जुन्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असते, अलीकडच्या बहुतेक गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असते. लॅकरचा थर पातळ आणि नाजूक असतो, पॉलीचा जाड आणि टणक. पिकगार्ड (तारांखालची संरक्षक पट्टी) काढून त्याखालच्या झाकलेल्या भागावर कापसाच्या काडीने अॅसिटोनचा एक थेंब टेकवला. लॅकर असते तर ते लगेच मऊ होऊन चिकटले असते. माझ्या गिटारवर काहीच झाले नाही, म्हणजे पॉली. ही चाचणी दिसणाऱ्या भागावर कधीही करू नये.

मग तारा, त्यांचे कंपन टिपणारे चुंबकी पिकअप, तारा टेकतात तो ब्रिज आणि बटणे काढली. वायरिंगचा फोटो आधीच काढून ठेवला होता. ओल्या कापडाने धूळ पुसली आणि चिकट थरासाठी लायटरमध्ये भरायचे द्रव (नॅफ्था) कापडावर घेतले. ते लॅकरला आणि पॉलीला दोन्हींना चालते. मात्र खिडकी उघडी हवी आणि आसपास ज्योत नको. पांढरे कापड तीन वेळा पिवळे झाले. निम्मा निस्तेजपणा इथेच गेला. ज्याला आपण झिजलेले फिनिश समजतो त्यातला बराचसा भाग निव्वळ मळ असतो, त्यामुळे स्वच्छ न करता घासायचा सँडपेपर हातात घेणे म्हणजे चांगले फिनिश विनाकारण घासून टाकणे होय.

उरलेल्या चऱ्यांवरून नख आडवे फिरवून पाहिले. नख अडकत नसेल तर चरा वरवरचा असतो आणि घासून जातो. नख अडकले, तर तो पूर्ण काढण्यासाठी आजूबाजूचा थर तेवढाच खाली न्यावा लागतो, आणि ते बहुतेक वेळा परवडत नाही.

घासण्याचे काम मी आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या पेंटरकाकांकडून शिकलो. गिटारसाठी मोटारीच्या रंगाऱ्याकडे जाणे विचित्र वाटेल, पण हे नाते जुने आहे: 1950 आणि 1960 च्या दशकांत गिटार बनवणारी फेंडर कंपनी आपल्या खास रंगांसाठी ड्यूपाँ कंपनीचे ड्यूको आणि ल्यूसाइट हे मोटारींचेच रंग वापरत असे. काकांनी बॉडी उजेडात तिरकी धरून पाहिली आणि म्हणाले, "वरती क्लिअरचा पारदर्शक थर आहे. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा कागद, हलक्या हाताने चालवा. पाणी पांढरं येतंय तोवर चिंता नाही, काळं दिसलं की तिथंच थांबायचं." ज्या गिटारीवर रंगावर क्लिअरचा थरच नसतो, तिथे पाणी पहिल्यापासून रंगीत येते, म्हणून ही खूण लावण्याआधी झाकलेल्या भागावर घासून पाहावे.

कागद रात्रभर पाण्यात भिजवला आणि त्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला. बोटांनी दाबले तर बोटांच्या जागी खळगे पडतात, म्हणून कागद एका मोठ्या खोडरबराला गुंडाळला. सुरुवात 1500 नंबरच्या कागदापासून केली (नंबर मोठा तितका कागद बारीक), पाठीवर मात्र 1000 लागला. प्रत्येक कागद आधीच्याशी काटकोनात चालवायचा. आधीच्या कागदाची एकही रेघ दिसेनाशी झाली की मगच पुढचा घ्यायचा. 2000 नंतर बॉडी पूर्ण धुरकट होते आणि नवख्याचा धीर सुटतो. त्यात चूक काही नसते. 2000 च्या कागदाचा कण सुमारे 10 मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 1 मायक्रॉनहूनही कमी. त्या कणांनी पाडलेल्या रेघा प्रकाश विखुरणारच, आणि त्या मोडून काढायचे काम रबिंग कंपाउंडचे (घासून चकाकी आणणाऱ्या लेपाचे) असते.

दोन ठिकाणी विशेष जपावे लागते. स्क्रूच्या भोकांत आणि पिकअपच्या खाचांत पाणी शिरले, तर लाकूड फुगते आणि कडेचे फिनिश उचलले जाते. मी ती सगळी मेणाने आणि टेपने बंद केली होती. दुसरी जागा म्हणजे कडा. तिथे थर पातळ असतो आणि दाब एकवटतो. इतके माहीत असूनही बॉडीच्या खालच्या शिंगासारख्या भागाच्या टोकावर माझा हात दोन वेळा जास्त फिरला, आणि खोडरबराखालचे पाणी दुधाळचे करडे झाले. मी तत्क्षणी थांबलो. तिथे उजेडात पाहिले तर आजही फिकट कडा दिसते. कडांना शेवटपर्यंत टेप लावून ठेवायला हवी होती.

खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा एक टवकाही उडाला होता. तिथला काळा रंग शाबूत होता, फक्त क्लिअर गेले होते. त्यात सुपरग्लूचा एकेक थेंब, आधीचा वाळल्यावर पुढचा, असे चार थर भरले. ते सपाट करण्यासाठी दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळली आणि मधला उघडा भागच उंचवट्यावरून ओढला. टेपमुळे ब्लेड भोवतीच्या फिनिशला टेकत नाही आणि केवळ वर आलेला गोंद पापुद्र्यासारखा निघतो. लॅकरच्या गिटारवर सुपरग्लूऐवजी लॅकरचेच थेंब भरतात.

कंपाउंड मी हातानेच लावले. ड्रिलवरच्या फोमने काम लवकर होते, पण एका जागी रेंगाळले तर फिनिश तापते, आणि लॅकर तर उष्णतेने मऊ पडते. आधी भरड, मग बारीक, प्रत्येकाला वेगळे मायक्रोफायबर कापड. जमिनीवर पडलेले कापड पुन्हा वापरायचे नाही, कारण वाळूचा एक कण तासाभराची मेहनत वाया घालवतो. मॅट (चकाकी नसलेल्या) मानेला आणि बोटांनी तारा दाबायच्या रोझवूडच्या फ्रेटबोर्डला कंपाउंड लागू दिले नाही. मॅट भाग घासला की कायमचा चकचकीत होतो आणि रोझवूडच्या छिद्रांत पांढरी पूड अडकून बसते. स्टील वूल तर घरातच आणले नाही, त्याचे तंतू पिकअपच्या चुंबकांना चिकटतात.

हे सगळे प्रत्येक गिटारला लागू नाही. आयरिश गिटारवादक रॉरी गॅलाघर यांच्या 1961 च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारवरचा सनबर्स्ट रंग झिजून लाकूड उघडे पडले होते, आणि ती झीज हीच तिची ओळख होती. जुन्या, मूळ फिनिशच्या मौल्यवान गिटारला मी कोरड्या मऊ कापडापलीकडे काहीही लावणार नाही.

माझी गिटार तशी नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी बारीक कंपाउंड पुसले, तेव्हा पाठीत आधी ट्यूबलाइट उमटली आणि मग तिच्या दोन्ही टोकांचे होल्डरही स्पष्ट दिसले. बकलाचे दोन खोल चरे मात्र त्या प्रतिबिंबाला अजून आडवे छेदतात. त्यांच्यासाठी आणखी थर उतरवला नाही. नव्या तारा चढवल्या आणि गिटार भिंतीवर लावली.