वाडा शिकवणारे गुरुजी

आपल्या शाळेच्या महोत्सवाचे पत्र आले आणि सातवीच्या गुरुजींशिवाय दुसरे काही लिहावेसे वाटेना. शाळा कुलकर्ण्यांच्या वाड्यात भरायची हे सर्वांना ठाऊक आहे. तो वाडा कसा पाहायचा, हे मात्र गुरुजींनी शिकवले.

माजघरातल्या बळदापाशी, म्हणजे धान्य साठवायच्या कोठारापाशी, उभे राहून ते इतिहास सांगत. 1950च्या कायद्याने कुलकर्णी वतन, म्हणजे गावचे हिशेब ठेवण्याचा वंशपरंपरागत हक्क, गेले. 1 एप्रिल 1957च्या कृषकदिनापासून कुळे जमिनीची मालक ठरू लागली, कुळांकडून येणारे खंडाचे धान्य थांबले, बळद रिकामे पडले. एवढ्या वाड्याची डागडुजी मग कशातून होणार? मालक पुण्याला गेले आणि मारुतीच्या देवळातली शाळा भाड्याने ओसरीवर आली.

11 डिसेंबर 1967च्या कोयनेच्या भूकंपात वाड्याचे कोपरे फाटले, पण माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, जागचे हलले नाही. कारण भार सागवानी खांब-तुळयांवर होता. दगडी जोत्यावरची पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची, म्हणजे कच्च्या विटांची, भिंत नुसता आडोसा. भेगा बुजवायला सिमेंटची पोती आली तेव्हा गुरुजी आडवे आले. त्यांनी परड्याकडच्या भिंतीवर हातभर जागेत सिमेंट लावायला सांगितले. शेजारी तेवढ्याच जागेत पांढरी माती, बारीक भुसा आणि शेण आठ दिवस कुजवून, रोज तुडवून केलेला गिलावा दिला, वर चुन्याचा हात. पावसाळा सरल्यावर सिमेंटवर टिचकी मारली तर आवाज पोकळ. थापीचे टोक घालताच पापुद्रा सुटला आणि त्याबरोबर दोन बोटे माती निघाली. जोत्यातून चढलेली ओल मातीच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंटमागे ती कोंडते आणि भेंडे आतून मऊ होतात. पुढे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीतच माझा जन्म गेला, पण याहून चांगला धडा मला कुठल्याही कॉलेजात मिळाला नाही.

नव्या खोल्या झाल्या, शाळा गेली, वाडा सोसायटीचे गोदाम झाला. रासायनिक खताची पोती भिंतीला टेकवून रचली गेली. खतातले क्षार मातीत मुरले, छातीपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, चढला. असा लोणा रंगाने झाकत नाही. ते भेंडेच काढून नवे घालावे लागतात. कुणी घातले नाहीत.

पुढे वारसांनी वाडा विकला. ग्रामपंचायतीच्या नमुना 8ला नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही, ती करआकारणीची नोंद; खरेदीखत आणि सगळ्या वारसांच्या सह्या पाहाव्यात, हेही गुरुजींनी व्याजाची गणिते शिकवताना सांगितलेले. घेणाऱ्याने कोरीव खांब आणि तुळया लाकूडव्यापाऱ्याला दिल्या. सांगाडाच काढल्यावर चौकाच्या भिंती पावसात बसल्या. आज त्या जागी पत्र्याची शेड आहे. ज्या खांबांना टेकून आपण पाढे म्हटले, ते कुणाच्या तरी हॉटेलात उभे असतील, याचे फार वाईट वाटते.

वाड्याच्या दरवाजालगतची देवडी अजून उभी आहे. आताच्या मालकांनी परवानगी दिली तर महोत्सवाच्या वर्षात गुरुजींच्या नावाने ती दुरुस्त करू. पावसाळ्याआधी जोत्याला लागलेला मातीचा ढीग काढावा, पाण्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा, भिंतीत गेलेली तुळयांची टोके टोचून वाळवी पाहावी, मगच गिलाव्याला हात घालावा. चुना आणि गवंड्यांची मजुरी माझ्याकडे लागली.