मॉडबस बस: सातवा नोड आणि आर७ची भानगड

पाण्याची पातळी मोजणारी माझी उपकरणं (नोड) आरएस-४८५ च्या एकाच तारजोडीवर, म्हणजे बसवर, मॉडबस या भाषेत बोलतात: मास्टर विचारतो, नोड (स्लेव्ह) उत्तर देतात. सहा नोडपर्यंत बस गुमान चालली. गच्चीच्या टाकीवरचा सातवा जोडला आणि सीआरसी एररचा (संदेश बिघडून पोचल्याचा) पाऊस सुरू झाला. गंमत म्हणजे एरर एकट्या नव्या नोडच्या नाहीत, लांबच्या जुन्या नोडच्याही. पत्ते वेगवेगळे, सगळीकडे वेग सेकंदाला ९६०० बिट आणि ईव्हन पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), ए आणि बी या दोन्ही तारा सुलट. सॉफ्टवेअरकडे बघायची गरजच नव्हती.

सप्लाय काढून ए आणि बीमध्ये मीटर लावला, तर १७ ओहम! नोडला बसशी जोडणाऱ्या त्या स्वस्त निळ्या मॅक्स४८५ मॉड्यूलवर आर७ पाहा, '१२१' छापलेला बारका एसएमडी रेझिस्टर. म्हणजे १२० ओहमचं टर्मिनेशन (टोकावरून सिग्नल परावर्तित होऊ न देणारा रेझिस्टर), आणि तेही प्रत्येक मॉड्यूलवर. सात समांतर झाले की १७. टर्मिनेशन फक्त केबलच्या दोन टोकांना हवं, मीटरवर ६० च्या आसपास दिसायला हवं. आरएस-४८५ चा ड्रायव्हर ५४ ओहम लोडवर किमान १.५ व्होल्ट देतो. १७ वर तो दम टाकतो आणि लांबच्या नोडला उरलंसुरलं मिळतं. मधल्या पाचांचे आर७ काढले. दोन्ही टोकांना आळीपाळीने सोल्डरिंग आयर्न टेकवलं की निघतात, हॉट एअर लागत नाही.

एरर कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. लॉजिक ॲनालायझरवर खरा चोर दिसला: उत्तराच्या आधी एक आगंतुक हेक्स ०० बाइट. मास्टरने डीई (लाइनवर बोलू देणारी पिन) खाली घेतली की स्लेव्ह बोलू लागेपर्यंत लाइन कुणाच्याच ताब्यात नसते. रिसीव्हरला 'आयडल' (लाइन शांत) कळायला ए-बीत २०० मिलिव्होल्ट हवेत. मॉड्यूलवरचे बायस रेझिस्टर (शांत लाइनला आयडलकडे ओढणारे) २० किलोओहमचे. त्यांच्यासोबत १२० ओहम असला की ५ व्होल्टवर जेमतेम १५ मिलिव्होल्ट पडतात. मॉड्यूल एक असो वा सात, आकडा तोच, कारण दोन्ही बाजू सारख्याच समांतर होतात. आर७ दोनच ठेवले तरी ५२. म्हणजे लाइन अधांतरी, जरा गोंगाट झाला की तो स्टार्ट बिट (बाइटची सुरुवात) समजला जातो.

उपाय: मास्टरजवळ ए ते ५ व्होल्ट आणि बी ते ग्राउंड, प्रत्येकी ५६० ओहम. ६० ओहमवर साधारण २५० मिलिव्होल्ट मिळतात. मास्टरच्या ईएसपी३२ कंट्रोलरसाठी तिथे ३.३ व्होल्टची मॅक्स३४८५ चिप आहे, म्हणून बायसही ३.३ वरून घ्यायचा मोह होतो. घेऊ नका, १६८ मिलिव्होल्टच येतात.

हे लिहिता लिहिताच सुचलं, की टर्मिनेशन मुळात हवंच कशाला? ७० मीटर केबलला एका बाजूने जेमतेम ०.३५ मायक्रोसेकंद लागतात आणि ९६०० वर एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. परावर्तनं काही मायक्रोसेकंदांत विरतात, यूएआरटी (बिट वाचणारं सर्किट) तर बिटच्या मध्यावर बघतो. उरलेले दोन आर७ही काढले. आता मॉड्यूलवरचे २० किलोओहमच आयडल पातळी २०० च्या बरीच वर नेतात, ५६० ची जोडी राखीव. रात्रभरचा लॉग स्वच्छ!

१,१५,२०० च्या वेगावर जायचा बेत तूर्त रद्द. ८ बाइटची विचारणा, ९ बाइटचं उत्तर आणि साडेतीन अक्षरांच्या दोन शांतता, मिळून एका नोडला २८ मिलिसेकंद. सातही नोडची फेरी स्लेव्हचा विचार करायचा वेळ धरून पाव सेकंदाच्या आसपास. पाण्याच्या पातळीला आणखी घाई कसली?

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मॉड्यूल घेणार असाल, तर मीटर सोबत न्या आणि ए-बी तिथेच मोजा. माझं मत मात्र आता मॉड्यूलविरुद्ध झुकलंय. मॅक्स३०८२ या चिपची पिनआउट (पिनांची मांडणी) मॅक्स४८५ चीच, सिग्नलच्या कडा मुद्दाम संथ, लाइन मोकळी असली तरी रिसीव्हर 'एक'च सांगतो, आणि बसवरचा भार अष्टमांश. पुढचा बोर्ड त्यावरच, आणि त्यात टर्मिनेशन जंपरवर. ग्राउंडची तिसरी तार आणि गच्चीच्या टोकाला टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचा झटका झेलणारा) पावसाळ्याआधी.