रोझेशियावर मेट्रोनिडाझोल जेल: काय जातं, काय राहतं

गाल, नाक आणि हनुवटीवर सततची लाली, त्यावर पुळ्या, पण ब्लॅकहेड्स अजिबात नाहीत, तर मुरमांपेक्षा रोझेशियाची, म्हणजे चेहऱ्याच्या त्वचेला दीर्घकाळ दाह होणाऱ्या आजाराची, शंका आधी घ्यावी. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तिथे जळजळ आणि चुणचुणीकडे लक्ष द्यावं.

पुळ्यांवर त्वचारोगतज्ज्ञ मेट्रोनिडाझोल जेल देतात, ०.७५ टक्केवालं दिवसातून दोनदा किंवा १ टक्केवालं एकदा. औषध अँटिबायोटिक आहे खरं, पण इथे त्याचा उपयोग मुख्यतः दाह कमी करण्यासाठी होतो. म्हणून पुळ्या बसतात. पसरलेली लाली थोडीफारच उतरते आणि दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तशाच राहतात. त्यांना लेझर लागतं. हे आधी माहीत नसलं की चांगलं चाललेलं औषधही 'लागू पडत नाही' म्हणून फेकलं जातं.

चेहरा कोमट पाण्याने आणि सौम्य क्लेन्झरने धुवा, न घासता टिपून घ्या. दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण ओल्या त्वचेवर जेल जास्त झोंबतं. मग पातळ थर, फक्त पुळीवर नाही तर त्या सगळ्या भागावर. जाड थराने गुण लवकर येत नाही, नुसती आग होते. डोळ्यांपासून लांब ठेवा, पाणी येतं. जेल सुकल्यावर मॉइश्चरायझर आणि सकाळी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. कोरडेपणा फार वाटला तर डॉक्टरांना विचारून जेलऐवजी क्रीम घ्या.

दुकानात ट्यूब नीट वाचून घ्या. मेट्रोनिडाझोलचं हिरड्यांना लावायचं जेलही मिळतं, त्यात क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक असतं. ते चेहऱ्यासाठी नाही.

फरक तीन-चार आठवड्यांनी दिसू लागतो, पूर्ण अंदाज आठ ते बारा आठवड्यांनी. खरा घोळ याच मधल्या काळात होतो. धीर सुटतो आणि कुणीतरी सुचवलेलं बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलचं स्टेरॉइड क्रीम चेहऱ्यावर येतं. दोन दिवसांत चेहरा छान दिसतो, बंद केलं की दुप्पट भडकतो, आणि काही महिने चाललं तर स्टेरॉइडमुळेच रोझेशियासारखा चेहरा होतो. गोरेपणाच्या क्रीममध्येही स्टेरॉइड निघतं, तेव्हा घटक वाचाच.

बारा आठवड्यांनीही पुळ्या तशाच असतील तर आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम किंवा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, किंवा कमी मात्रेत पोटातून डॉक्सीसायक्लिन, हे पर्याय डॉक्टरांकडे असतात. रोझेशियात डोळेही खुपत, लाल होत असतील तर मात्र बारा आठवडे थांबू नका. चेहऱ्यावरचं जेल तिथे काही करत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जावं लागतं.