मिरजेला जाण्याआधीचे सात महिने

नैराश्यावरील उपचारांसाठी मी सांगलीहून मिरजेला पहिल्यांदा गेलो, त्याला आता तीन वर्षे झाली. त्याआधी सात महिने मी गेलो नव्हतो. त्या काळात मला काय अडवत होते आणि शेवटी कशामुळे पाऊल उचलले गेले, हे नीट मांडावे असे बरेच दिवस मनात आहे.

मुळात आपल्याला नैराश्य आले आहे, हेच मला उमगले नव्हते. पहाटे तीनला जाग येई, अन्नावरची वासना उडाली होती, मान आणि पाठ भरून येई आणि ज्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना वीस वर्षे मी आवडीने जात आलो, तिथे क्षणभर उभे राहणेही नकोसे वाटे. हे सारे मी शरीराचे दुखणे समजत होतो. आपल्याकडे मन खचलेला माणूसही दवाखान्यात जातो तो अशक्तपणाची किंवा डोकेदुखीची तक्रार घेऊन, आणि म्हणून त्याची गाठ आधी नेहमीच्या डॉक्टरांशी पडते. माझ्या थायरॉइडच्या आणि बी-१२च्या तपासण्या झाल्या. त्या करायलाच हव्यात, कारण त्या बिघाडांतही असाच थकवा आणि उदासी येते. माझे अहवाल चांगले निघाले, घरच्यांना हायसे वाटले, आणि मी मात्र मनाशी ठरवून टाकले की आजार नसेल तर खोट माझ्या स्वभावातच आहे.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते. मानसोपचारतज्ज्ञांची टंचाई हे त्याचे खरे कारण आहेच. पण कर्नाटकातूनही रुग्ण ज्या मिरजेत येतात, तिच्यापासून आठ-दहा किलोमीटरवर राहून मी घरात बसलो होतो, त्याचा खुलासा टंचाईने होत नाही. मला भीती होती ती दवाखान्याच्या बाकावर कुणी ओळखीचे भेटण्याची आणि गोळ्यांची सवय लागण्याची.

माझ्या वहिनीने मला एकदाही ‘डॉक्टरांकडे जा’ असे सांगितले नाही. एका दुपारी ती एवढेच म्हणाली, “भाऊजी, २०१९ च्या पुरानंतर मलाही असंच व्हायचं. पाणी ओसरलं, घर धुऊन झालं, तरी झोप येईना. मी आठ महिने गोळ्या घेतल्या, तुमच्या दादांशिवाय कुणाला ठाऊक नाही. सोमवारी मी येते तुमच्याबरोबर.” गावभागातल्या त्या घरात मी रोज जात होतो आणि मला काहीच कळले नव्हते. ज्या बाईच्या हातचे मी जेवत होतो तिने हे उपचार घेतले होते आणि ती बरी झाली होती, हे ऐकल्यावर माझा विरोध गळून पडला. वार तिनेच ठरवल्यामुळे निर्णय घेण्याचे ओझेही माझ्यावर राहिले नाही, आणि त्या अवस्थेत तेच ओझे सर्वांत जड असते.

डॉक्टरांनी समजावले की या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिकही लागतात, आणि त्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. पहिल्या पंधरवड्यात मला काहीच फरक जाणवला नाही आणि मी सोडूनही दिल्या असत्या. वहिनी रोज रात्री फोन करून विचारी, म्हणून घेत राहिलो.

ज्यांना अशी सोबत नाही किंवा दवाखान्यात दिसण्याचा धीर होत नाही, त्यांच्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा सरकारी क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तिथे मराठीत आणि मोफत बोलता येते.

गेल्या दिवाळीनंतर यार्डातल्या एका जुन्या सोबत्याने चहा पिताना सहज विचारावे तसे मला विचारले, “तुला झोप लागते का रे नीट?” मी त्याला माझे सात महिने सांगितले आणि कोणता वार सोयीचा पडेल, ते विचारले.