टिक होती, केबल नव्हती

फोन आला तेव्हा मी लेयरची नावं सरळ करत बसले होते. शहराच्या डिजिटल ट्विनचा, म्हणजे संगणकातल्या त्रिमितीय प्रतिकृतीचा, व्ह्यूअर उघडला की डावीकडे एक लांबलचक यादी येते, प्रत्येक ओळीपुढे टिक करायचा चौकोन. ती यादी सांभाळणं हे माझं काम. लेयर म्हणजे नकाशावर चढवायचा एकेका माहितीचा थर. असे १४३ आहेत. रोज उघडले जातात त्यातले दहा-बारा. बाकीचे कोणाच्या तरी आग्रहाखातर चढवलेले, आणि काढायला गेलं की नेमकी त्याच माणसाला त्यांची आठवण येते. नावं तर विचारूच नका. ‘ड्रेनेज फायनल’, ‘ड्रेनेज फायनल नवीन’, ‘ड्रेनेज हाच वापरा’.

बाहेरच्यांना वाटतं, टिक केली की लेयर दिसला. तसं नसतं. कोण वर, कोण खाली हे लावून द्यावं लागतं: तळाला भूभाग, त्यावर हवाई छायाचित्र, मग रंग भरलेले तुकडे, मग रेषा, मग बिंदू, सगळ्यात वर अक्षरं. दोन पृष्ठभाग एकाच उंचीवर आले की पडद्यावर लुकलुकत राहतात, कारण पुढे कोणता आणि मागे कोणता हे ग्राफिक्स कार्डालाच ठरवता येत नाही. काही लेयर बघणारा ठरावीक उंचीच्या खाली आल्यावरच उमटतात, नाहीतर दुरून बघताना सगळ्या शहरावर शाई सांडल्यासारखी दिसते. म्हणजे टिक आहे पण लेयर दिसत नाही, हे आमच्याकडे रोजचंच.

त्यामुळे फोनवरच्या माणसाने विचारलं, “मॅडम, विजेच्या केबलचा लेयर टिक केलाय, पण इथे केबल दिसत नाही. म्हणजे इथे केबल नाहीच ना?” तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघालं, “थोडं झूम करून बघा.”

“झूमच केलंय. आणखी आत जात नाही.”

रस्त्याचं काम घेतलेल्या कंत्राटदाराचा हा साइट इंजिनिअर. खोदायचं मशीन येऊन उभं होतं. खरं तर तो विचारायच्या भानगडीत पडला नसता तरी चाललं असतं. परवानगीच्या कागदावर ‘व्ह्यूअरमध्ये तपासले’ असा एक रकाना असतो, तो त्याने भरलाही होता. पण त्याला एक गोष्ट खटकत होती. “तुमच्या फोटोत दोन चौकोनी झाकणं दिसतायत, एक या टोकाला, एक त्या टोकाला. झाकणं उगाच कोण बसवेल?”

आमच्या हवाई छायाचित्राचा एक पिक्सेल जमिनीवर ५ सेंटिमीटरचा. ६० सेंटिमीटरचं झाकण म्हणजे जेमतेम १२ पिक्सेल. डांबराच्या करड्यात किंचित वेगळा करडा. तेवढ्यावरून या माणसाने ओळखलं की कुठेतरी काहीतरी जुळत नाही.

मी तीच जागा उघडली. माझ्याकडे केबल होती. लाल, ठसठशीत, दोन्ही झाकणांवरून गेलेली.

“मला दिसतेय,” मी म्हटलं.

“मला नाही दिसत.”

त्याला थांबायला सांगितलं आणि माउसचं चाक आणखी एक खाच फिरवलं. केबल गेली. मागे आले, केबल परत. बाजूला सरकले तर एका जागी ती अर्धी होती: डावीकडून येऊन कात्रीने कापावी तशी उभ्या सरळ रेषेत संपलेली. ती रेषा मी ओळखते. ती टाइलची कड. नकाशाचं चित्र २५६ गुणिले २५६ पिक्सेलच्या चौकोनांनी, म्हणजे टाइलनी, बनतं. खऱ्या केबलला या चौकोनांशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे ती नेमकी कडेवर संपत नाही.

ब्राउझरचा नेटवर्कचा रकाना उघडला. टाइलमागून टाइल येत होती. स्थिती २००, म्हणजे सगळं ठीक. प्रकार पीएनजी, म्हणजे चित्र. आकार ३३४ बाइट. पुढची, ३३४. त्यापुढची, ३३४. चाळीसेक ओळी, एका बाइटचा फरक नाही. वेगवेगळ्या रस्त्यांची चित्रं इतकी सारखी भरणं शक्यच नाही. ती चित्रं नव्हतीच. पूर्ण पारदर्शक, कोरे चौकोन होते.

आता हे कोरे चौकोन कुठून आले ते सांगते, कारण त्यात माझा हात आहे.

केबलची माहिती आमच्याकडे नाही, ती ज्या खात्याची आहे त्यांच्या सर्व्हरवरून येते. आम्ही डब्ल्यूएमएस या, सर्व्हरकडून नकाशाचं चित्र मागवायच्या ठरलेल्या पद्धतीने मागणी करतो: अमुक लेयर, अमुक स्टाइल (म्हणजे रेषा कशी रंगवायची ते), अमुक चौकटीतला तुकडा, चित्र करून द्या. या मानकाची १.३.० ही आवृत्ती २००४ ची, आजही ती सर्रास चालते. मागणीत ‘एक्सेप्शन्स’ नावाचं एक कलम असतं, काही चुकलं तर सर्व्हरने कसं सांगायचं ते ठरवणारं. पर्याय तीन. ‘एक्सएमएल’, म्हणजे लेखी सांगा. ‘इनइमेज’, म्हणजे चित्रातच लिहून द्या. आणि ‘ब्लँक’, म्हणजे काही बोलू नका, कोरं चित्र द्या.

आमच्या मागणीत ‘ब्लँक’ होतं. ते मी टाकलं होतं. एकदा पाहुण्यांसमोर डेमो चालू असताना कुठलासा बाहेरचा सर्व्हर झोपला आणि पडद्यावर लाल इशारा आला. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं, नकाशावर एरर दिसता कामा नये. मी दोन मिनिटांत तो एक शब्द बदलला आणि शाबासकी घेतली. डेमो हा आमच्या धंद्याला लागलेला रोग आहे. इमारती गोल फिरवून दाखवल्या की टाळ्या पडतात, खाली काय पुरलंय ते कोणी विचारत नाही.

त्या खात्याने अकरा दिवसांपूर्वी स्टाइलचं नाव बदललं होतं. फक्त नाव, रंगही तोच. आम्हाला कळवायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि कुणाला कळवायचं हे तरी त्यांना कोण सांगणार होतं? आम्ही जुन्या नावाने मागत राहिलो. अशी स्टाइल नाही हे सर्व्हरला सांगायचं होतं, पण तोंड आम्हीच शिवून ठेवलेलं. मध्ये आमची कॅशे, म्हणजे एकदा आलेल्या टाइलची साठवण, ३० दिवस टाइल धरून ठेवणारी. आधी कोणी फिरकलं होतं तिथे जुनी चित्रं जिवंत, नव्या जागी कोरं. जवळून बघणारे कमी, म्हणून जवळच्या पातळीवर जास्त कोरं. ज्याला खोदायचं असतं तोच सगळ्यात जवळ जातो.

आणि देखरेख? ती होती ना. दर पाच मिनिटांनी एक ठरलेली टाइल मागायची आणि २०० आलं का बघायचं. ती टाइलही कॅशेतून येत होती. अकरा दिवस हिरवा दिवा.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. स्टाइलचं नाव बदललं, ‘ब्लँक’ काढलं, कॅशे रिकामी केली, कारण कोरे चौकोनही तिने इमानेइतबारे जपून ठेवले होते. फोन केला.

“आली,” तो म्हणाला. “किती खाली आहे?”

खोलीचा रकाना रिकामा होता. बहुतेक रेषांचा तो रिकामाच आहे. अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संघटनेचं ‘३८’ नावाचं मानक आहे, २००२ पासूनचं, २०२२ मध्ये सुधारलेलं. त्यात जमिनीखालच्या माहितीला अ, ब, क, ड असे दर्जे दिलेत. जुन्या कागदांवरून उतरवलेली ती ‘ड’, प्रत्यक्ष उघडी करून मोजलेली ती ‘अ’. आमच्या लेयरमध्ये सगळ्या रेषा एकाच लाल रंगात, एकाच जाडीत. कोणती मोजलेली आणि कोणती कोणाच्या तरी आठवणीवरून काढलेली, बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही. मी त्याला म्हटलं, मशीन लावू नका, आधी हाताने चाचणीचा खड्डा घ्या. तो म्हणाला, “ते मी घेणारच होतो.”

दुपारच्या बैठकीत मी मागितलं ते एवढंच: जिथे माहिती आलीच नाही तिथे करड्या तिरक्या रेघा मारू, आणि यादीत प्रत्येक लेयरपुढे शेवटचं चित्र नीट कधी आलं ती वेळ दाखवू. डिझाइन करणाऱ्या मुलाचं म्हणणं, अर्धं शहर रेघारेघांचं दिसेल, लोक घाबरतील. मुलगा हुशार आहे, पण त्याने कधी खड्ड्यात वाकून बघितलेलं नाही. साहेबांनी विचारलं, “अकरा दिवसांत तक्रारी किती आल्या?” एक, मी म्हटलं. त्यांना ते उत्तर आवडलं. रेघा ‘पुढच्या टप्प्यात’ गेल्या. वेळ दाखवायला परवानगी मिळाली, बारीक अक्षरात.

रात्री घरी आल्यावर प्रॉक्सीचा, म्हणजे आमच्या मागण्या पुढे पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरचा, नोंदींचा लॉग उतरवून घेतला. प्रत्येक मागणीची चौकट त्यात असते, वेळ असते, उत्तराचा आकार असतो. त्या अकरा दिवसांतल्या केबलच्या लेयरच्या ३३४ बाइटच्या तेवढ्या ओळी गाळून काढल्या आणि त्यांचे चौकोन नकाशावर टाकले. दुरून सहज फिरणारे वगळले, केबल कधी नव्हतीच अशा जागा वगळल्या. अगदी जवळ जाऊन कोरं बघितलं गेलं, अशा ६१ जागा उरल्या. खोदाईच्या परवान्यांच्या यादीशी ५८ जुळल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन केले. काहींनी अजून खोदलं नव्हतं, काहींचं खोदून बुजवूनही झालं होतं, नशिबाने काही लागलं नाही म्हणे. एकाने विचारलं, हे तुम्ही आत्ता का सांगताय.

तीन जागांचा पत्ता लागत नाही. त्यातल्या एकीवर कोणीतरी सलग तीन दिवस येऊन गेलंय, शेवटच्या झूमवर, रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, एकेका वेळी वीस-वीस मिनिटं. तिथे परवाना नाही. मी जाऊन आले. डांबर जुनंच आहे, पण कडेला फूटपाथच्या फरशा एका पट्ट्यात नव्याने बसवलेल्या दिसतात.

या चौकोनांचा लेयर मी व्ह्यूअरमध्ये चढवून ठेवलाय, ‘कोरं पाहिलेलं’ नावाने. साहेब म्हणाले, हे यादीत दिसायला नको. म्हणून आता तो यादीतून लपवलाय, फक्त माझ्या लॉगिनला दिसतो, सगळ्यात खाली. क्रमांक १४४.