कुरडयांसमोरचा अँटेना

एप्रिल 2019. शुक्रवार पेठेतल्या एका चार मजली इमारतीवर मोबाइल टॉवर बसला होता. तेव्हापासून डोकं दुखतं, झोप लागत नाही, अशी वरच्या मजल्यावरच्या तीन घरांची तक्रार होती. दूरसंचार खात्याच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर 4000 रुपये भरून त्यांनी टॉवरच्या लाटांची मोजणी मागवली. पथकात मी मीटरवाला. सेक्रेटरींनी जिन्यातच अडवलं, “पैसे आमचं, पण मीटर कुणाचा ओ?”

तक्रारदारांच्या तिन्ही घरांत मोजलं. पलंगाजवळ, खिडकीत, देवघरात. सगळीकडे 0.002 वॅट प्रति चौरस मीटरच्या आसपास. 900 मेगाहर्ट्झसाठी आपल्याकडची मर्यादा 0.45, तीही आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश, 1 सप्टेंबर 2012 पासूनची. अँटेना लाटा समोर फेकतो, खाली फारसं काही येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, ते इथं अक्षरशः खरं.

सेक्रेटरींना ते पटेना. तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या खिशातला फोन वाजला आणि मीटरचा प्रोब, म्हणजे लाटा टिपणारं टोक, शेजारीच असल्यानं मीटरवरचा आकडा टुणकन उडाला. “हे काय?” म्हटलं, तुमचाच फोन. मग फोनच्या ‘सार’वर बोलणं गेलं. शरीर किती ऊर्जा शोषतं त्याचं ते माप. भारतात मर्यादा 1.6 वॅट प्रति किलो, कुठल्याही 1 ग्रॅम ऊतीवरच्या सरासरीनं. मी त्यांना स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबायला लावलं. आकडा मर्यादेच्या आतच निघाला. तो पूर्ण ताकदीवर तपासलेला असतो. रेंज चांगली असली की फोन हळू बोलतो, नसली की ओरडतो. म्हणजे टॉवर लांब गेला तर कानाशी जास्तच. हे ऐकून ते गप्प झाले, पण मला वाटतं पटलं म्हणून नव्हे, चहा आला म्हणून.

पथकाला जेवायला जायची घाई होती. तरी नियम म्हणून गच्चीवर गेलो.

तीनपैकी दोन अँटेना उंच खांबांवर होते. तिसऱ्याचा खांब मात्र पाण्याच्या टाकीच्या कामात कुणीतरी हलवला होता आणि तो माणसाच्या छातीच्या उंचीवर आला होता. त्याच्या समोर तीन-चार पावलांवर साडी अंथरलेली, तिच्यावर गव्हाच्या चिकाच्या कुरडया, आणि शेजारी सावलीला छत्री लावून तळमजल्यावरच्या आजी राखणीला बसलेल्या. साडी उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली होती. तीन विटा आणि एक पिवळी पाटी. पाटी उलटून बघितली: ‘सावधान, अँटेनासमोर थांबू नये.’

आजींच्या जागी प्रोब धरला. 2.3. आंतरराष्ट्रीय 4.5 च्या आत, पण आपल्या मर्यादेच्या पाचपट. दहा वर्षांत असा आकडा मी एकदाच पाहिला, आणि तोही जिथून कुणाची तक्रारच नव्हती तिथं.

“आरं लेकरा, म्हंजे माझ्या कुरडया त्यानंच वाळत्यात व्हय?” आजींनी विचारलं. मी सांगितलं, दुपारचं ऊन चौरस मीटरला 1000 वॅटच्या आसपास, हे दोन-अडीच. ऊन कातडीवरच थांबतं, हे आत शिरतं, एवढा फरक. बाकी आजींना काही झालं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आंतरराष्ट्रीय मर्यादाच मुळी धोक्याच्या पातळीच्या पन्नासाव्या भागावर बांधलेली आहे. पण म्हणून पाटीचं वजन करून चालत नाही, आणि खांब हलवणाऱ्यानं परत मोजायचंच नाही, हे तर मुळीच नाही.

तो अँटेना जागेवरच बंद करायला लावला. खांब उंच करायला आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत, ज्या तीन घरांनी अर्ज केला होता त्यांचेच ‘रेंज गेली’ म्हणून फोन आले.

आजींची साडी आम्ही दोघांनी चारी टोकं धरून अँटेनाच्या पाठीमागे नेली. तिथं 0.01 भरलं. मी कौतुकानं मीटर त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बघितलंच नाही. टाकीच्या सावलीकडं बोट दाखवून म्हणाल्या, “हितलं ऊन तीनलाच जातंय. कुरडया भिजक्या राहिल्या तर तू येणार हायस का तळायला?”